लायब्ररीने स्वतःचं व्हर्जन स्वतः सांगावं की नाही?

पाटीवाला | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे पण महिनाभर डोकं खातोय.

मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रामात वापरायचा तयार कोड) सांभाळतो. दारावरच्या पाट्या, संमेलनाचे बिल्ले, प्रमाणपत्रं असल्या गोष्टींवर देवनागरी मजकूर टाकून चित्र करून देते. आतलं खरं काम पिलो (चित्रांची मोठी लायब्ररी) करतं, मी वरची मांडणी केलीये. वापरणारे मोजके: दोन-चार शाळा, एक मंडळ, एक छापखाना. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

गेल्या महिन्यात एकाने पुल रिक्वेस्ट (कोडात करायचा बदल) पाठवली. बदल एवढाच की इनिट फाइलमध्ये (लायब्ररीची सगळ्यात आधी वाचली जाणारी फाइल) __व्हर्जन__ = "०.४.२" लिहा, म्हणजे इम्पोर्ट केल्यावर (लायब्ररी प्रोग्रामात आणल्यावर) लगेच विचारता येईल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने खाली लिहिलं की ही पद्धत जुनी झाली, इन्स्टॉलच्या नोंदीतून व्हर्जन सांगणारं इम्पोर्टलिब.मेटाडेटा असताना हे कशाला. तिसरा म्हणाला व्हर्जन जगाला सांगणं म्हणजे चोराला घराचा नकाशा देणं. आता त्या दोन ओळींखाली एकतीस प्रतिसाद आहेत आणि कोड लिहिणारे आम्ही एकूण चार जण.

त्यातच एक तक्रार उघडी पडलीये. छापखान्यातल्या मुलाने फोटो पाठवलाय: 'किल्ला' लिहिलं तर वेलांटी क च्या उजवीकडे पडते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. मी विचारलं, व्हर्जन कुठलं? उत्तर: "लेटेस्टच आहे सर."

तर तुम्ही काय करता? व्हर्जन लायब्ररीत लिहिता, बाहेरून विचारू देता, की लपवता?

मिसळीचा_रस्सा | ९:५३

पहिला! (आता वाचतो.)

खडूस_टेस्टर | १०:१०

टाका की दोन ओळी, काय बिघडतं. रात्री अकरा वाजता सर्व्हरवर बसलेला माणूस काय करतो? पायथन उघडतो, इम्पोर्ट करतो, टिंब देऊन __व्हर्जन__ मारतो. नमपाय असो, पांडाज असो, उत्तर येतं. बोटांना सवय झालीये. तुमच्याकडे त्या जागी अ‍ॅट्रिब्यूट एरर आला की पहिली शिवी तुम्हालाच.

आणि "लेटेस्टच आहे" हे उत्तर मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की त्याचा रबरी शिक्का करून घ्यावा म्हणतो.

टोरांटोकर | १०:३१

खडूस, सवय आहे म्हणून तो नियम होत नाही. प्रत्येक मोड्यूलने __व्हर्जन__ ठेवावं असा प्रस्ताव पायथनमध्ये २०११ साली आला होता, पेप ३९६ (अशा प्रस्तावांना पेप म्हणतात). कितीतरी वर्षं बासनात पडून राहिला आणि शेवटी नाकारला गेला. म्हणजे ही निव्वळ रूढी आहे. पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, इम्पोर्टलिब.मेटाडेटा भाषेसोबतच येतं. त्याला पॅकेजचं नाव द्या, इन्स्टॉल होताना जे नोंदलं गेलं ते व्हर्जन मिळतं. फ्लास्क या वेबच्या लायब्ररीने २०२३ मध्ये ३.० काढताना __व्हर्जन__ ला निवृत्तीची नोटीस दिली आणि सांगितलं की मेटाडेटाला विचारा, नाहीतर हवी ती सोय आहे का ते थेट तपासा.

एकच आकडा दोन जागी लिहिला की एक ना एक दिवस ते फाटणारच. पायप्रोजेक्टच्या (पॅकेजची माहिती लिहायच्या) फाइलमध्ये ०.५.०, इनिटमध्ये ०.४.२. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खडूस_टेस्टर | १०:४०

@टोरांटोकर, "पॅकेजचं नाव द्या" हे म्हणायला सोपंय. कुठलं नाव? इम्पोर्ट करताना पीआयएल, इन्स्टॉल करताना पिलो. इम्पोर्ट सीव्ही२, इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन. इम्पोर्ट यॅमल, इन्स्टॉल पायवायएएमएल. बीएस४ म्हणजे ब्यूटिफुलसूप४, एसकेलर्न म्हणजे सायकिट-लर्न. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. रात्री अकराला कोण पाठांतर करणार?

टोरांटोकर | १०:४४

त्यालाही फंक्शन आहे, पॅकेजेस_डिस्ट्रिब्यूशन्स. इम्पोर्टच्या नावावरून इन्स्टॉलचं नाव सांगतं. फक्त पायथन ३.१० किंवा पुढचं हवं.

मिसळीचा_रस्सा | १०:४६

व्हर्जन कळायला आधी व्हर्जन ३.१० पाहिजे. झोपतो मी.

सी_काकू | ११:२०

पोरांनो, तुम्ही भांडताय ते दोन आकड्यांतला कुठला खरा यावरून. माझी उभी हयात सी भाषेत गेली, तिथे दोन आकडे असतात आणि दोन्ही खरे असतात.

एक आकडा हेडर फाइलमधला. प्रोग्राम कंपाइल झाला (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनला) तेव्हा समोर कुठली लायब्ररी होती ते तो सांगतो. दुसरा आकडा चालताना फंक्शन बोलावून मिळतो: आत्ता, या मशीनवर, खरोखर कुठली लायब्ररी जोडली गेलीये. झेडलिबमध्ये (फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी) पहिल्याला झेडलिब_व्हर्जन म्हणतात, दुसऱ्याला झेडलिबव्हर्जन() फंक्शन. ती लायब्ररी तर इतकी सावध की डिफ्लेटइनिट (दाबायला सुरुवात) म्हटलं की मॅक्रो (कंपाइल होताना कोडात भर घालणारी सोय) गुपचूप हेडरचं व्हर्जन आणि स्ट्रक्चरचा आकार आत पाठवतो. आत पहिलं अक्षर जुळलं नाही किंवा आकार चुकला तर व्हर्जन एरर देऊन दारातूनच परत. सव्वा ओळीचं काम आहे, पण त्याने किती लोकांच्या रात्री वाचवल्या असतील.

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्येही तेच. हेडरमध्ये आकडा, आणि लिबव्हर्जन_नंबर() फंक्शन. त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की सावध प्रोग्रामरने दोन्ही जुळतात का ते सुरुवातीलाच असर्टने तपासावं. आकडाही हुशारीने केलाय: पहिला भाग गुणिले दहा लाख, दुसरा गुणिले हजार, अधिक तिसरा. ३.३९.४ म्हणजे ३०३९००४. मग तुलना साध्या पूर्णांकाची, अक्षरं चिरत बसायला नको.

पाटीवाल्या, तुझी लायब्ररी पिलोवर बसते ना? पिलो फ्रीटाइपवर (फॉन्टमधून अक्षरं काढणारी लायब्ररी) बसतं, देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी राक्म लागतं, राक्मला हार्फबझ (अक्षरांची जुळणी) आणि फ्रिबिडी (मजकुराची दिशा) लागतात. तुझं ०.४.२ हे चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं नाव झालं. ओल तळमजल्यावर आहे.

नवशिकी_पूर्वा | ११:३४

काकू, साधा प्रश्न, हसू नका. कंपाइल करताना एक लायब्ररी आणि चालताना दुसरी, असं होतंच कसं?

सी_काकू | ११:४१

हसत नाही गं. तू घरून यादी लिहून निघालीस, "पाच किलोचा अमुक तांदूळ". ती यादी म्हणजे हेडर. दुकानात पोचलीस तर फळीवर त्या नावाचं नव्या मोसमाचं पोतं. दुकानदार म्हणतो नाव तेच आहे, घ्या. चालताना जोडली जाणारी लायब्ररी म्हणजे ते पोतं. बहुतेक वेळा भात होतो. कधीकधी पेज होते.

पाटीवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

काकू, दंडवत. तळमजल्याचा विचारच केला नव्हता. पण छापखान्यातल्या मुलाला "हार्फबझचं व्हर्जन सांग" म्हटलं तर तो फोन ठेवून देईल.

डेबियनभक्त | सकाळी ९:३०

व्हर्जनचा आकडा सांगितला म्हणजे सत्य सांगितलं असं सगळे धरून चाललेत, म्हणून हा किस्सा.

एप्रिल २०१४, हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भोक. ओपनएसएसएल (जालावरची देवाणघेवाण कुलूपबंद करणारी लायब्ररी) १.०.१ ते १.०.१एफ मध्ये भोक, १.०.१जी मध्ये दुरुस्ती. आमच्या ऑफिसात (नाव राहू दे) वरून फर्मान: प्रत्येक सर्व्हरवर 'ओपनएसएसएल व्हर्जन' चालवा आणि जी नसेल त्या मशीनचं नाव लाल शाईत लिहा. आमची सगळी मशीनं डेबियन व्हीझी (लिनक्सचा एक प्रकार). सगळीकडे उत्तर १.०.१ई. यादी पानभर लाल. साहेबांचा चेहरा त्याहून लाल.

प्रत्यक्षात ती सगळी मशीनं आदल्या रात्रीच दुरुस्त झाली होती. डेबियन स्थिर आवृत्तीत नवं व्हर्जन आणत नाही, दुरुस्ती तेवढी जुन्यात टाकतं. पॅकेजचा पूर्ण आकडा १.०.१ई-२+डेब७यू५ असा झाला होता, पण लायब्ररी स्वतःबद्दल सांगताना १.०.१ई एवढंच सांगायची. शेवटी त्याच आज्ञेला -बी जोडून बांधणीची तारीख दाखवली, तेव्हा कुठे साहेब पाणी प्यायले.

तात्पर्य नाही सांगत. पण लायब्ररीला स्वतःचं गाव माहीत असतं, वाटेत कुणी डागडुजी केली ते माहीत नसतं.

मिसळीचा_रस्सा | ९:४१

डेबियनचा माझा लाडका आकडा २०२४ चा. फाइली दाबणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार निघालं, तेव्हा यांना जुन्या ५.४.५ वर परत जायचं होतं. पण पॅकेज व्यवस्थेत आकडा मागे जाऊ शकत नाही. मग काय केलं? "५.६.१+रियली५.४.५-१". म्हणजे 'नाव ५.६.१, पण आईशप्पथ ५.४.५'.

बँकेतला_जावा | १०:१५

जावाकडे तर देव जाणे. मॅनिफेस्टमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत) इम्प्लिमेंटेशन-व्हर्जन लिहायची जागा आहे, आणि गेटइम्प्लिमेंटेशनव्हर्जन() विचारलं की ज्याने लिहिलं नाही त्याचं उत्तर नल, म्हणजे काहीच नाही.

डिसेंबर २०२१ आठवतो का? लॉगफोरशेल, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीतलं भोक. शुक्रवारी संध्याकाळी कळलं, शनिवार-रविवार गेला तो फक्त एका प्रश्नात: आपल्याकडे लॉगफोरजे कुठे कुठे आहे आणि कुठल्या व्हर्जनचं? जारच्या (जावाच्या पॅकेज फाइलीच्या) नावात आकडा असेल तर सोपं. पण एका मोठ्या जारच्या पोटात दुसरी जार, तिच्या पोटात तिसरी, आणि कुणीतरी पॅकेजचं नावच बदलून आत शिवून टाकलेलं. आम्ही झिप उघडून व्हर्जन लिहिलेल्या पॉम.प्रॉपर्टीज फाइली शोधत होतो, त्याही काही ठिकाणी बांधताना गाळलेल्या. २.१५.० लावलं तोवर २.१६.० आलं, ते लावलं तोवर २.१७.०.

व्हर्जन लपवा म्हणणाऱ्यांना त्या शनिवारी आमच्या चौथ्या मजल्यावर बसवायला हवं होतं.

गोंयकार_अ‍ॅडमिन | ११:०२

लपवा म्हणणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून थोडं माझंही ऐका. दोन गोष्टींची मिसळ होते आहे. (@रस्सा, तुला नाही म्हणत.)

जालावरच्या सर्व्हरने प्रत्येक अनोळखी पाहुण्याला स्वतःचं व्हर्जन सांगायची गरज नाही. एनजिनएक्समध्ये सर्व्हर_टोकन्स ऑफ, अपाचीत सर्व्हरटोकन्स प्रॉड, पीएचपीत एक्स्पोज_पीएचपी ऑफ. माझी पहिली तीन कामं हीच. त्याने हल्ला थांबतो का? नाही. चोर आकडा न बघताच सगळ्या कड्या हलवून बघतो. पण ठरावीक व्हर्जनच्या मागे लागणारे यादीवाले जरा कमी त्रास देतात, नोंदी स्वच्छ राहतात.

लायब्ररीने आपल्याच प्रोग्रामला, आपल्याच मशीनवर व्हर्जन सांगणं ही वेगळी गोष्ट. तो घरातला माणूस आहे. मीटर कुठेय हे घरच्यांना माहीत हवंच, ते फाटकावर रंगवायचं नाही. पाटीवाल्यांची लायब्ररी चित्रं काढते, तिला कसला धोका? फक्त प्रमाणपत्राच्या चित्राच्या आत गुपचूप "अमुक लायब्ररी ०.४.२ ने बनवलं" असं लिहीत असाल तर ते बंद करता यायला हवं.

पाटीवाला | ११:२०

@गोंयकार, अरेच्चा, पीएनजीच्या टिपणीत खरंच लिहितो मी ते. हौसेने टाकलं होतं. बंद करायचा पर्याय आजच नोंदवतो.

शुद्धलेखन_मित्र | दुपारी १२:४५

इतकी चर्चा झाली, एकालाही 'आवृत्ती' हा शब्द सुचू नये? व्हर्जन, व्हर्जन, व्हर्जन!

टोरांटोकर | १:०२

आवृत्ती सुंदर शब्द आहे पण इथे घोटाळा करतो. मराठी पुस्तकाच्या मागच्या पानावर बघा. नवं प्रकरण घातलं तरी "दुसरी आवृत्ती", नुसतं पुन्हा छापलं तरी बरेच प्रकाशक "दुसरी आवृत्ती". काही प्रामाणिक लोक 'पुनर्मुद्रण' वेगळं लिहितात. आमच्याकडे हा फरक जीवनमरणाचा असतो. डेबियनभक्तांच्या किश्शात दुरुस्ती करून पुनर्मुद्रण केलं होतं, मुखपृष्ठ जुनंच.

शुद्धलेखन_मित्र | १:१०

हे मान्य. मग पुनर्मुद्रणाची तारीख तरी लिहा. श्रेयपान असतंच ना प्रत्येक पुस्तकाला.

सी_काकू | १:२५

मित्रा, तू नकळत बरोबर बोललास. एसक्यूलाइटमध्ये सोर्सआयडी() म्हणून वेगळं फंक्शन आहे: कुठल्या दिवशीच्या, नेमक्या कुठल्या सोर्समधून हे बांधलं त्याची तारीख आणि ठसा. श्रेयपानच ते.

नवशिकी_पूर्वा | २:००

मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सिस.व्हर्जनची (पायथनचं स्वतःचं व्हर्जन) पहिली तीन अक्षरं घेऊन तपासायचे. "३.८" बरोबर यायचं, "३.९" बरोबर यायचं. मग लॅबमध्ये ३.१० आलं आणि माझा प्रोग्राम म्हणाला, "पायथन ३.१ फार जुनं आहे, कृपया नवीन घ्या." सर म्हणाले, तूच नवीन घे, डोकं.

खडूस_टेस्टर | २:१२

@पूर्वा, लाजू नकोस, तुझ्या रांगेत मोठमोठे उभे आहेत. २०११ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६ वरून एकदम ३.० झाला. काही बदललं नव्हतं, आकडे लांबत चालले म्हणून. पण "२.६" असणारच असं धरून बसलेले प्रोग्राम पडायला लागले. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये यूनेम२६ नावाची सोयच करावी लागली: खोटं बोल, २.६.४० सांग. ऑपेरा ब्राउझर १० व्हर्जनचा झाला तेव्हा संकेतस्थळं पहिला अंक वाचून त्याला १ समजायची, म्हणून बिचारा ओळख देताना ९.८० सांगायचा आणि शेवटी हळूच खरा आकडा. विंडोज ८.१ पासून तर प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये नवं विंडोज ओळखतो असं लिहिलं नसेल तर गेटव्हर्जनएक्स त्याला ६.२ म्हणजे विंडोज ८ असंच सांगतं.

रस्सा, ९५-९८ शी गोंधळ होईल म्हणून विंडोज ९ आलंच नाही हा किस्सा सांगायला येऊ नकोस, ती ऐकीव गोष्ट आहे.

मिसळीचा_रस्सा | २:१४

टाइप करून झालं होतं. पुसलं.

डेबियनभक्त | २:३०

भर घालतो. लिनक्सच्या व्हर्जन मॅक्रोत शेवटच्या भागाला एकच बाइट दिलेला, म्हणजे कमाल २५५. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ च्या देखभालीच्या मालिका २५६ वर पोचल्या. एवढ्या डागडुज्या होतील असं आधी कुणाला वाटलं असणार? मग मॅक्रोतला आकडा २५५ वर गोठवून टाकला. काकूंचं एसक्यूलाइट प्रत्येक भागाला हजार जागा देतं, त्यांना घाई नाही.

टोरांटोकर | ३:०५

या सगळ्यातून माझाच मुद्दा निघतो. आकड्यावरून अंदाज बांधू नका, सोय आहे का ते तपासा. लिब्रेएसएसएलचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये ओपनएसएसएलपासून फुटली आणि ओपनएसएसएल_व्हर्जन_नंबर या जागी कायमचा २ चा आकडा लिहून मोकळी झाली. मग "१.१ किंवा पुढचं असेल तर हे नवं फंक्शन वापर" असं लिहिलेल्या प्रोग्रामांना वाटायचं, वा, हे तर दोन! आणि ते फंक्शन तिथे नसायचंच. किती प्रकल्पांत "आणि लिब्रेएसएसएल नसेल तर" अशी शेपटी लावलेली दिसते, ती याचमुळे.

सी_काकू | ३:४०

तपासणं बरोबर, पण तपासून कळतं ते प्रोग्रामला. माणसाला काय कळतं? तक्रार लिहिणारा माणूस आकडाच लिहिणार. जालावरून फाइली आणणाऱ्या कर्लकडे बघा. 'कर्ल -व्ही' (मोठा व्ही) म्हणा. पहिल्या ओळीत स्वतःचं व्हर्जन, त्याच ओळीत झेडलिब कुठली, टीएलएस कुठलं, एचटीटीपी२ साठी कुठली लायब्ररी. मग कुठले प्रोटोकॉल येतात, कुठल्या सोयी आहेत. आकडाही आणि सोयही, एका दमात. प्रोग्रामसाठी तेच सगळं कर्ल_व्हर्जन_इन्फो() मध्ये. तक्रारीत तेवढं चिकटवलं की अर्धं निदान तिथेच.

पिलोलाही हे आहे. पाटीवाल्या, त्या पोराला फोनवर एवढंच सांग: काळी खिडकी उघड, 'पायथन -एम पीआयएल' टाइप कर, जे येईल त्याचा फोटो पाठव. समजायची गरज नाही त्याला.

नवशिकी_पूर्वा | ३:५५

मग पाटीवालेकाकांनी पण 'पायथन -एम तुमचीलायब्ररी' असं केलं तर? __व्हर्जन__ चं भांडणच नको.

पाटीवाला | संध्याकाळी ६:३०

काका?! असो. सूचना आवडली. पोराला निरोप धाडलाय.

तोवर एक अडचण. मेटाडेटावाला मार्ग मी करून बघितला. माझ्या मशीनवर लायब्ररी -ई लावून (कोड जागच्या जागी बदलता येईल अशी) इन्स्टॉल केलेली. फाइलमध्ये आकडा ०.५.० केला, विचारलं तर ०.४.२ च सांगतंय. @टोरांटोकर, एक जागा, एक सत्य म्हणाला होतात ना?

टोरांटोकर | ७:१०

हो, ते खरंय. नोंद इन्स्टॉल करताना होते, नंतर कोड बदलला तरी नोंद तीच. पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. पाटी पुण्याची आणि गाडी निघाली सोलापूरला.

खडूस_टेस्टर | ७:१८

(गालातल्या गालात) आणि पायइन्स्टॉलरने एकच एक्सई बांधून शाळेला दिलीत, तर मेटाडेटा आत जाईलच असं नाही, कधीकधी --कॉपी-मेटाडेटा सांगावं लागतं. तो गेला नाही आणि इनिटमध्ये सरळ मेटाडेटाला विचारणारी ओळ असेल तर इम्पोर्टच फुटतो: पॅकेज सापडलं नाही. व्हर्जन सांगायच्या नादात लायब्ररीच बंद.

जुने_खोड | रात्री ८:४५

दोन दिवस नुसतं वाचतोय. पाटीवाले, तुम्ही पिलोवर बसता आणि पिलोचाच किस्सा कुणी सांगितला नाही याचं नवल वाटलं.

पिलोत पूर्वी पिलो_व्हर्जन नावाचा स्थिरांक होता, मोठ्या अक्षरांतला. __व्हर्जन__ आल्यावर त्याची गरज उरली नाही. ५.२ मध्ये सांगितलं की हा जाणार आहे. कुणी लक्ष दिलं नाही. २०२० च्या सुरुवातीला ७.० आलं, स्थिरांक गेला. यंत्रशिक्षणातली टॉर्चव्हिजन लायब्ररी तोच स्थिरांक इम्पोर्ट करत होती. जगभर यंत्रशिक्षणवाल्यांची पोरं सकाळी उठली तर पहिल्याच ओळीला एरर. चित्र वाचणारा कोड धडधाकट, नुसता व्हर्जन विचारताना कोसळला. लोक पिलो ७ पेक्षा कमी ठेवा म्हणून एकमेकांना सांगत सुटले. शेवटी पिलोवाल्यांनी ७.१ मध्ये तो परत आणला, लोकांना सवड दिली आणि ९.० मध्ये काढला.

म्हणून सांगतो, __व्हर्जन__ टाकायचं तर टाका, पण टाकलंत की ती तुमची जबाबदारी झाली. पाळलेल्या मांजरासारखी. नंतर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलीत तरी परत येते.

मिसळीचा_रस्सा | ८:५०

+१. धागा इथे संपवायला हरकत नाही. मांजराला हरवणं अवघड आहे.

पाटीवाला | गुरुवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. बातमी आहे.

छापखान्यातल्या मुलाने फोटो पाठवला. वाकडा, ट्यूबलाइट पडद्यावर चमकतेय, पण वाचता आला. माझी लायब्ररी ०.४.२. पिलो तेव्हाचं सगळ्यात नवं. म्हणजे पोरगा शब्दशः खरं बोलत होता, सगळं लेटेस्टच होतं आणि मी महिनाभर त्याच्यावर संशय घेत होतो. खाली एका ओळीत: राक्म उपलब्ध नाही.

शोधलं तर कळलं की पिलोच्या तयार पॅकेजमध्ये ८.२ पासून राक्म सोबतच येतं, पण फ्रिबिडी मात्र चालताना मशीनवर शोधतं. छापखान्याच्या विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) नव्हती. ती नाही म्हणून राक्म नाही, राक्म नाही म्हणून साधी मांडणी, आणि साध्या मांडणीत अक्षरं ज्या क्रमाने साठवली त्याच क्रमाने पडतात. क, मग वेलांटी. माझ्या लिनक्सवर फ्रिबिडी होतंच, म्हणून मला कधी दिसलंच नाही. डीएलएल बसवली, 'किल्ला' सरळ झाला. आता तो विचारतोय, 'प्रतिष्ठापना'चे जुने बॅनर बदलून देणार का.

जुने_खोड | ९:२२

राक्म हा अरबी शब्द, अर्थ लिखाण, आकडा. आपली रक्कम त्याच घरची. म्हणजे छापखान्यात रक्कम कमी पडत होती.

सी_काकू | ९:३०

तळमजला म्हटलं होतं मी.

खडूस_टेस्टर | ९:३५

बरं, पण मूळ प्रश्न? त्या दोन ओळींचं काय केलंत?

पाटीवाला | १०:०५

सगळ्यांचं थोडंथोडं ऐकलं, म्हणजे कुणीच खूश होणार नाही.

__व्हर्जन__ ठेवतोय, खडूसच्या बोटांसाठी. पण आकडा तिथे लिहिणार नाही. मोड्यूलला __गेटअ‍ॅट्र__ देऊन कुणी विचारलं तरच मेटाडेटाकडे जायचं, आणि तिथे सापडलं नाही तर "माहीत नाही" असं सांगायचं, कोसळायचं नाही. मूळ आकडा गिटच्या (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या) टॅगमधून, म्हणजे त्या इतिहासात लावलेल्या व्हर्जनच्या खुणेतून, सेटअपटूल्स_एससीएम वापरून. आणि पूर्वाचं 'पायथन -एम'. त्यात माझं व्हर्जन, लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून चालतेय तो पत्ता, पायथन, पिलो, राक्म, फ्रिबिडी, हार्फबझ. राक्म नसेल तर एक ओळ मराठीत: "जोडाक्षरं तुटतील." तक्रारीच्या नमुन्यात पहिलाच रकाना त्याचा. पीएनजीतली टिपणी बंद, हवी त्याने चालू करावी.

टोरांटोकर | १०:१२

चालेल. गिटहबवरून झिप उतरवून घेणाऱ्यांकडे गिटचा इतिहास नसतो, तिथे टॅग सापडणार नाही, तेवढं बघा.

नवशिकी_पूर्वा | १०:२०

माझी पहिली मुक्तस्रोत सूचना! नाव टाकाल ना, काका?

पाटीवाला | १०:२१

टाकतो. 'काका' काढलंस तर.

पाटीवाला | शनिवार, दुपारी १२:३०

०.५.० आज काढणार होतो. बांधलं, चढवायला गेलो, पायपीआयने (पायथनच्या पॅकेजांचं भांडार) घ्यायलाच नकार दिला. बघतो तर व्हर्जन झालंय ०.४.३.डेव्ह७, पुढे अधिक चिन्ह आणि गिटचा ठसा. टॅग लावायला विसरलो होतो.

मिसळीचा_रस्सा | १२:३४

"लेटेस्टच आहे सर."